मावशींचा नववा प्रश्न

चष्मेवाल्याला हवी होती औषधाची एक बाटली, आणि मावशी त्याला प्रश्नच विचारत सुटल्या.

"बायकोचं डोकं रोज दुपारी दुखतं, द्या काहीतरी," एवढंच तो म्हणाला होता. पण गोळ्यावाल्या मावशींकडे 'काहीतरी' नावाचं औषध नव्हतं. होत्या त्या बारा बाटल्या. एकेकीत एकेक क्षार, दुधाच्या साखरेत घोटून घोटून गोळ्या केलेला. यातला एखादा शरीरात कमी पडला की माणूस कुरकुरायला लागतो, असं मावशींचं ठाम मत. कुठला, ते त्या माणसाकडूनच काढून घ्यायचं.

"ही कशाची?" त्यानं एक बाटली उचलली.

"मिठाची."

"मिठाची? मग घरच्या मिठानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"ते चिमटीत येतं. हे इतकं बारीक केलंय की चिमटीला सापडायचं नाही. आणि गोळ्यांना हात लावू नकोस, झाकणात घेऊन थेट जिभेवर टाकायच्या असतात. आता सांग, ती कुठल्या कुशीवर झोपते?"

चष्मेवाल्यानं बाटली जागेवर ठेवली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. खारट आवडतं की गोड? बंद खोलीत गुदमरतं का? असे आठ झाले, आणि नववा: रडू आलं आणि कोणी समजूत घातली, तर बरं वाटतं की राग येतो? गडी नऊच्या नऊ प्रश्नांत नापास. मावशींनी प्रश्नांचा कागद त्याच्या हातात कोंबला. "आठ दिवस नीट बघ आणि मग ये."

चडफडतच तो घरी आला. पण बघायला लागला आणि त्याला चटकच लागली. बायको घरी शिवणकाम करायची. गल्लीतले कोट, पडदे, बाह्या सगळं तिच्या मशीनखालून जायचं, आणि तिच्या सरळ टिपेचं नाव होतं. दुपारी चष्म्यांचं दुकान बंद करून हा पठ्ठ्या दारात उभा राहून टिपणं काढायचा.

"अहो, हा काय पहारा लावलाय?"

"मावशींनी बघायला सांगितलंय."

"बघायचं ते लग्नाआधी. आता माल परत घेत नाहीत!"

डावी कूस. वरून मीठ घेते. खिडकी उघडी लागते. कागद भरत गेला, नववा प्रश्न तेवढा कोरा राहिला. बायकोला रडताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

आठव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "तूच वाच."

"साडेतीनला दुखायला लागतं. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या वर. सुई ओवताना हात लांब नेते. कापड खिडकीपाशी धरते. काळा दोरा असला की चिडते..."

"हेच एखाद्या गिऱ्हाइकानं तुझ्या दुकानात येऊन सांगितलं असतं, तर?"

तो पार कानकोंडा झाला. अख्ख्या गल्लीच्या नाकावर त्याचे चष्मे होते, आणि घरातल्या माणसाचा नंबर त्यानं कधी काढलाच नव्हता. बाटली मागायची राहिली. तो तसाच निघाला.

संध्याकाळी त्यानं बायकोला दुकानातल्या खुर्चीत बसवलं. हातातला कोट घेऊनच ती आली होती.

"मला कळत होतं हो," ती म्हणाली. "पण शिवणाऱ्या बाईला दिसत नाही, असं एकदा गल्लीत झालं की काम कोण देणार?"

तिच्या नाकावर बसवलेल्या तपासणीच्या चौकटीत तो एकेक भिंग घालत गेला. हे बरं की हे? चौथ्या भिंगाला तिनं कार्डावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग सवयीनं मांडीवरचा कोट उचलून डोळ्यांसमोर धरला, आणि तिचा हात थांबला. टीप वाकडी होती. पार बाहीपर्यंत वाकडी. तिचे डोळे भरून आले.

"अगं, एवढं कोण बघतंय..."

"तुम्ही गप्प बसा!"

तो गप्प बसला. आपण बावीस वर्षं दुसऱ्यांचेच डोळे पाहिले, याचं त्याला फार वाईट वाटत होतं, पण तेही तो बोलला नाही. खुर्ची जवळ ओढून त्यानं कोटाचं दुसरं टोक धरलं. ती एकेक टाका उसवू लागली. चौकटीखालून पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "घट्ट धरा जरा."

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद मावशींपुढे ठेवला. नवव्या प्रश्नापुढे लिहिलं होतं: राग येतो. शेजारी बसलेलं चालतं.