बादली वर का जाईना

अण्णांनी बादलीच्या बुडाला पाडलेल्या भोकातून टोमॅटोचं रोप हळूहळू खाली ओढून घेतलं. सून दोन्ही हातांनी बादली अधांतरी धरून उभी होती. मुळं आत, पानं बाहेर आणि शेंडा थेट फरशीकडे. माती खाली सांडू नये म्हणून देठाभोवती त्यांनी स्पंजचा तुकडा गुंडाळला होता.

“बिचाऱ्याला उलटं टांगताय,” सून म्हणाली.

“त्याला काय कळतंय उलटं-सुलटं. उजेड दिसला की झालं. तू धर नीट.”

तिने नीट धरली. हात भरून आले होते, पण सासऱ्यांसमोर ते कबूल करायची तिची तयारी नव्हती. अण्णांनी वरून माती भरली, थापटली, आणि बादली कप्पीवरून सोडलेल्या दोरीला अडकवली.

बाल्कनी म्हणजे नुसतं नाव होतं. कपडे धुण्याचं मशीन, गॅसचा जादा सिलिंडर, एक मोडकी खुर्ची आणि वाळत घातलेले कपडे, एवढ्यात ती भरून जायची. दोन माणसं एका वेळी उभी राहिली तर एकाला श्वास आत घेऊन थांबावं लागे. डोक्यावर मात्र ऐसपैस जागा होती, आणि डोक्यावरच्या जागेचं काय करायचं हे अण्णांना वेगळं सांगायला नको होतं. उभा जन्म त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीत घालवला होता. दोरी, कप्पी आणि वजन या तीन गोष्टींवर त्यांचा जितका विश्वास होता तितका सख्ख्या भावावरही नव्हता, आणि भाऊ कसा होता हे पाहिल्यावर त्यात कुणालाही नवल वाटलं नसतं.

त्यांनी तीन बादल्या टांगल्या, त्याही लिफ्टसारख्या. दोरीच्या एका टोकाला बादली, दुसऱ्या टोकाला नट-बोल्टांनी भरलेली कापडी पिशवी. पाणी घातलं की बादली जड होऊन खाली यायची. माती सुकत गेली की ती हलकी व्हायची, पिशवीचं वजन जिंकायचं आणि बादली आपली आपण वर सरकायची. दोन्हीकडे गाठी मारलेल्या, म्हणजे फार वर नाही, फार खाली नाही.

“वर गेली म्हणजे तहान लागली,” अण्णांनी सुनेला समजावलं. “तेव्हाच पाणी द्यायचं. आपण अंदाज बांधत बसायचं नाही.”

पहिली बादली वर गेली त्या दिवशी त्यांनी शेजारच्यांनाही बोलावून दाखवलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, आमच्या लिफ्टपेक्षा ही बरी चालते. त्यावर अण्णा दिवसभर खूश होते.

ते इथे कायमचे आलेले नव्हते. सासूबाई गेल्यावर ते काही महिने एकटेच राहिले, मग मुलाने आग्रह करकरून आणलं. तिकडे दुसऱ्या गावी लेकीचं घर होतं, घराला अंगण होतं, आणि लेक फोनवर दर वेळी त्या अंगणाचा विषय काढायची. अण्णा ना हो म्हणायचे, ना नाही. टोमॅटो लागेपर्यंत आहे इथे, मग बघू, एवढंच त्यांचं उत्तर.

सुनेच्या डोक्यात ते ‘मग बघू’ जाऊन बसलं होतं.

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची. नवऱ्याची पाळी कधी दुपारची, कधी रात्रीची, त्यामुळे लग्नापासून तिने संध्याकाळी स्वतःच कुलूप उघडून अंधाऱ्या घरात पाऊल टाकलं होतं. आता ती जिना चढायला लागली की दार उघडलेलं असायचं. अण्णा चहाचं आधण ठेवून विचारायचे, आज सगळ्यात जाड काच कितीची होती? ती नंबर सांगायची. मग त्यांचा प्रश्न यायचा, एवढ्या नंबरच्या माणसाला चष्मा काढल्यावर समोरचं माणूस कसं दिसत असेल? तिच्या कामाबद्दल असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवरा भला होता, पण त्याच्या लेखी काच म्हणजे काच.

अण्णांनी जाऊ नये असं तिला फार वाटायचं. पण हे बोलायचं कसं? अंगण सोडून या खुराड्यात राहा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? झाडं जगली, लागली, तर त्यांचं मन इथे रमेल, एवढाच तिचा हिशोब होता.

ऊन वाढलं तशी एका पहाटे ती कपडे काढायला बाल्कनीत गेली, तर मधली बादली वर जायच्या बेतात होती. अण्णा झोपले होते. तिने एक तांब्या पाणी घातलं. मग बाकीच्या दोघींनी काय पाप केलं, म्हणून त्यांनाही एकेक तांब्या. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, झाडाला तहान लागायची वाटच कशाला बघायची? पोराला भूक लागून ते रडेपर्यंत कुणी थांबतं का? तेव्हापासून ती रोजच पाणी घालू लागली. अण्णांना सांगितलं नाही, कारण हे त्यांचं काम होतं आणि त्यात लुडबूड केलेली त्यांना आवडली नसती. शिवाय खरं सांगायचं तर ती पहाटेची पाच मिनिटं तिला आवडायला लागली होती.

बादल्या वर जायच्या थांबल्या.

अण्णांनी आधी कप्प्यांना तेल दिलं. मग दोरी बदलली. मग पिशवीत आणखी नट टाकून पाहिले. बादलीत बोट घालून पाहिलं तर माती ओली. चार दिवसांपूर्वी पाणी घातलेली माती, या उन्हात, ओलीच्या ओली. ते बराच वेळ त्या बोटाकडे बघत उभे राहिले. सुनेला खिडकीतून दिसत होतं, पण तेव्हा ती घाईत डबा भरत होती.

पानं पिवळी पडायला लागली. ऊन लागतंय, असं म्हणून तिने दोन-दोन तांबे सुरू केले.

याच सुमारास अण्णांचं बोलणं कमी झालं. गॅसचं बटण ते बंद करायचे आणि परत येऊन पुन्हा तपासायचे. संध्याकाळचं फिरणं सोडलं. किल्ली खिशात आहे ना, हे जेवताना चाचपून बघायचे. दार अजूनही उघडं असायचं, पण काचेचा नंबर कुणी विचारत नव्हतं. सुनेला वाटलं, झालं, यांचा जीव इथे लागेना. ती नवऱ्याशी बोलली. त्याचं म्हणणं पडलं की अण्णांना मोकळ्या जागेची सवय, आपण त्यांना कोंडून ठेवलंय, ताईकडे बरं वाटेल. ती रात्रभर कूस बदलत राहिली, आणि पहाटे उठून झाडांना पाणी घालून आली.

एके दिवशी अण्णांनी स्वतःच लेकीला फोन केला.

रविवारी ताई गाडी घेऊन आली. अण्णांची बॅग भरून दाराशी तयार होती. स्वयंपाक झाला होता, पण ताई म्हणाली, आम्ही वाटेत कुठेतरी जेवू, उन्हाच्या आत निघालेलं बरं. नवरा बॅग उचलून खाली न्यायच्या तयारीत होता. सून ओट्यापाशी उगीचच एकच भांडं पुसत होती. रडायचं नाही, असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

ताई बाल्कनीत डोकावली. “अण्णा, ही झाडं तर गेलीच म्हणायची. आमच्याकडे जमिनीत लावा, चांगली वाढतील.”

“आता मी नाही काही लावणार,” अण्णा म्हणाले.

“का हो?”

अण्णा मोडक्या खुर्चीवर बसले. मग लेकीकडे न बघता, समोरच्या बादलीकडे बघत म्हणाले, “तुझ्यापासून लपवून काय उपयोग, तुझ्याकडेच तर येतोय. मी विसरायला लागलोय. यांना पाणी घालतो आणि घातलेलं विसरतो, पुन्हा घालतो. मारली मी ही झाडं. आज झाडं आहेत, उद्या गॅस राहील चालू. ही पोर दिवसभर कामावर. हिच्या घराला माझ्यापायी काही झालं तर?”

नवऱ्याने उचललेली बॅग परत खाली ठेवली.

ओट्यापाशी भांडं पुसणारा हात थांबला. सुनेला आधी काही उमगेना, आणि मग एकदम सगळंच उमगलं. ते बोट, ती बटणं, ती किल्ली. ती तशीच, हातात फडकं घेऊन, बाल्कनीच्या दारात आली.

“अण्णा, पाणी मी घालत होते.”

अण्णांनी मान वळवली. “कधी?”

“रोज. पहाटे. तुम्ही उठायच्या आधी.”

“रोज?”

“एकेक तांब्या. पानं पिवळी दिसली तेव्हापासून दोन.” तिने फडकं मुठीत आवळलं. “झाडं जगली तर तुम्ही राहाल, असं वाटलं मला. तुम्ही जायला नको होतं मला.”

आता मात्र ठरवलेलं काही टिकलं नाही. ती फडक्याने डोळे पुसू लागली, आणि ते भांड्याचं फडकं आहे हेही तिच्या लक्षात आलं नाही.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. लिफ्ट बंद पडल्यावर ते असेच बघत असणार, आधी हात न लावता.

“बादली शेवटची वर गेली, त्या सोमवारी मी घातलं होतं,” ते सावकाश म्हणाले. “मग मंगळवारी?”

“मी.”

“बुधवारी?”

“मीच.”

“म्हणजे मी एकदाच घातलं होतं.”

“एकदाच,” ती म्हणाली.

अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली बघून हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. ताईला कळेना हसावं की त्यांना पाणी आणून द्यावं. मुलाने घाबरून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकून टाकला.

“बुडवलीस की गं झाडं,” ते सुनेला म्हणाले. “आठवड्याचं पाणी एका दिवसात पाजत होतीस. वर कशी जाणार ती!”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. विचारायचं नाही का?” ते उठले आणि मशीन आणि खुर्चीच्या मधून वाट काढत आत आले. तिच्याजवळून जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, लहान मुलीला मारावी तशी. तिला आणखी रडू आलं आणि फार बरंही वाटलं.

ताईने घड्याळ बघितलं. “अण्णा, ऊन चढतंय. निघायचं ना?”

अण्णा तोपर्यंत ताट घेऊन जमिनीवर बसले होते.

“तू जेवून निघ,” ते म्हणाले. “उजेडात पोचशील.”

ताईने बॅगेकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग ओट्यापाशी परत गेलेल्या भावजयीच्या पाठीकडे पाहिलं. गाडीची किल्ली तिने पर्समध्ये टाकली आणि हात धुवायला गेली.

“आज किती नंबर निघाला?” अण्णांनी विचारलं.

“आज रविवार आहे, अण्णा,” सून भात वाढत म्हणाली. “दुकान बंद असतं.”

“हो की,” अण्णा म्हणाले. “विसरलो बघ.” आणि ते निवांत जेवायला लागले.