पाणी सोडून सगळं

बशा उभ्या भरायच्या. आडव्या भरल्या की खालची आधी फुटते.

खिंडीतल्या चपट्या दगडावर बसून आई म्हणाली होती, "तुझ्या बाटलीतलं पाणी दे गं. घशाला कोरड पडलीये."

मोठा पियानो जिन्यावरून उतरवायचा तर आधी त्याचे पाय काढतात.

दुसऱ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयातल्या बाईंचा नोकरीबद्दलचा फोन थोरलीने गोदामाच्या दारात उभं राहून घेतला आणि "बघते" म्हणून ठेवून दिला. "बघते" म्हणजे नाही, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

तेल, शाई, औषधं, पाणी. पातळ असेल ते गिऱ्हाइकाने आपल्या हातात न्यायचं, खोक्यात मिळणार नाही. बाबा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला नमस्काराच्याही आधी सांगत.

आणि गुरुवारी दुपारी, जेवणं होऊन ताटं अजून उचलायची होती तेव्हा, बाबा म्हणाले, "रविवारी डोंगरावर जाऊ. जंगलातल्या वाटेने, खिंडीपर्यंत."

थोरलीच्या हातातला पेला हातातच राहिला.

लोकांची बिऱ्हाडं हलवणं हा त्या घराचा धंदा. बाबा, थोरली, धाकटा, एक टेम्पो आणि घरामागचं गोदाम. दुसऱ्यांची घरं उचलून गावभर फिरवणारी ही तीन माणसं स्वतः मात्र कुठे जात नसत, आणि खिंडीचं तर नावही काढत नसत. थोरली शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा चौघं एका दिवसासाठी म्हणून तिथे गेले होते. वर पोचल्यावर आई म्हणाली, जरा पुढे जाऊन बघते. पलीकडची वाट खाली दुसऱ्या शहरात उतरते. आई उतरली ती उतरलीच. नंतर फोन आला की ती सुखरूप आहे. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. गल्लीने ती पळून गेली असं ठरवून टाकलं. बाबांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. थोरलीने दुसऱ्या दिवसापासून ओझी उचलायचा पट्टा कमरेला बांधला, आणि टेम्पोतलं कपाट कलू नये म्हणून त्याला पाठ लावून उभं राहावं तशी ती त्या घराला पाठ लावून उभी राहिली. अजून उभीच होती.

आणि आता बाबा आपल्या तोंडाने खिंड म्हणत होते.

ती काही बोलायच्या आत त्यांनी खोक्यांत घालायचा खाकी कागद टेबलावर पसरून वाट काढायला घेतली. चौथ्या मजल्यावरचं काम असावं तसा बेत चालला. वळण कुठे अरुंद, दम कुठे घ्यायचा, पुढे कोण, मागे कोण. ओढ्याच्या पुढे झाडी दाट होते, तिथे तिघांनी एकमेकांच्या नजरेत राहायचं. धाकट्याने पाव आणि उकडलेली अंडी आपल्याकडे घेतली आणि म्हणाला, लिफ्ट आहे का ते आधीच विचारून ठेवा, मग वर जाऊन वाद नको. बाबा हसले. बाबा हसले म्हणून थोरलीला जास्त धास्ती वाटली.

शनिवारी दुपारी गोदामाच्या भिंतीशी तीन सॅक ओळीने उभ्या होत्या.

तिने त्या उचलून पाहिल्या. संशय कसला नव्हता. बंद खोकं दिसलं की उचलून बघायचं, ही हाताची खोड. पहिली हलकी. दुसरी हलकी. तिसरी, मोठी हिरवी, तिने उचलली आणि हात थांबला. जड होती म्हणून नाही. आत काहीच हललं नाही म्हणून. दिवसभराच्या फिरण्याची सॅक खुळखुळते. ही एखाद्या घरासारखी गच्च होती.

वर स्वेटर. खाली इस्त्रीचे कपडे. कागदात गुंडाळलेले बूट. साबणाची डबी, डबीला फडकं. आणि सगळ्यांत खाली घडी घातलेली चादर.

शेवटी लागणारं तळाशी, हा त्यांचा नियम. चादर तळाशी असते, कारण नव्या घरात पोचल्यावर सगळं लागलं की शेवटी अंथरूण घालायचं असतं.

सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा माणूस अंथरूण कुठे घालणार?

तिच्या कानात भोंगा वाजल्यासारखं झालं. सगळ्यांत मोठी सॅक, म्हणजे धाकट्याची. म्हणजे आता हाही. त्याच वाटेने, तिच्या डोळ्यांदेखत, परत एकदा.

धाकटा अंगणात टेम्पोचं चाक बदलत होता. तिने त्याला कॉलर धरूनच उभं केलं. केव्हा ठरवलंस, कुणाला सांगितलंस, बाबांचं काय, असं सगळं एका दमात विचारलं. पाना हातात तसाच धरून त्याने मान खाली घातली.

"ती माझी नाही, ताई."

ती परत गोदामात आली तेव्हा पायाखालची फरशी तिला परकी वाटत होती. तिने चादरीच्या घडीत हात घातला. आत एक कापडी पिशवी, तिला बाबांची गाठ, फास आत दडवलेली. पिशवीत पांढरे सुती हातमोजे होते. काच हाताळताना ती घालायची ते. तिचे.

बाबा चिकटपट्टीचं रीळ घेऊन दारात उभे होते.

"हे काय आहे?"

"तुझं सामान."

"मी कुठे चाललेय?"

"पलीकडे. संग्रहालयातल्या बाईंना मी फोन केला होता. तू सोमवारपासून येतेस म्हणून सांगितलंय. खोलीचंही त्या बघतायत."

ती मटकन खाली बसली. बसली ते 'नाजूक' लिहिलेल्या खोक्यावर, आणि त्या घरात पहिल्यांदाच त्याबद्दल कुणी कुणाला ओरडलं नाही.

"परक्या गिऱ्हाइकालासुद्धा विचारतो आपण," ती म्हणाली. "काय न्यायचं, काय ठेवायचं. मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू बघते म्हणाली असतीस."

"मग बसने पाठवायचं."

"मागे शहरात शिकायला बसनेच पाठवलं होतं. गर्दी होती म्हणून दुपारी परत आलीस." बाबा पट्टीचं टोक नखाने शोधत होते. "चढवलेलं ओझं कुणी परत खाली आणत नाही. आणि पलीकडची उतरण सोपी आहे."

"तुम्हाला काय माहीत पलीकडची उतरण?"

बाबांना पट्टीचं टोक सापडत नव्हतं.

सोमवारी पियानो आहे, ती म्हणाली, तो कोण उतरवणार? मागून आलेला धाकटा हळूच म्हणाला, "पाय आधी काढायचे एवढं मला कळतं. अजून काही असलं तर तुला फोन करीन. तू ओरडशील, मग जमेल."

ती उठली आणि सॅक टेबलावर उलटी केली. एकेक वस्तू बाजूला मांडत गेली. दोघे बघत राहिले. दोष काढायला जागा नव्हती. सुईदोरा होता, चष्म्याची जास्तीची काडी होती, तिने कधी मागितला नसता असा नवा टॉवेल होता. काय नाही ते तिला उशिरा कळलं. तिने पहिली सॅक उघडली, मग दुसरी. पाव, अंडी, दोर, बॅटरी.

"पाणी कुठाय?"

बाबांनी तिन्ही सॅककडे आळीपाळीने पाहिलं.

"अख्खा डोंगर चढायचा, तीन माणसं, आणि पाणी कुणीच घेतलं नाही?"

"पातळ काही..." बाबांनी सुरुवात केली आणि तोंडावर हात ठेवला. त्यांचा चेहरा असा उतरलेला तिने कधी पाहिला नव्हता.

तिने सगळं त्याच क्रमाने परत भरलं, चादर तळाशी, स्वेटर वर. मग फडताळातली मोठी बाटली काढून नळाखाली धरली. त्या दिवशी खिंडीत आईने तिची बाटली संपवली होती, आणि एवढी गच्च सॅक घेऊन निघालेली बाई पाणी कशी विसरते, याचं तिला तेव्हाही नवल वाटलं होतं. बाटली भरली. पाणी मनगटावरून वाहू लागलं, कोपरापर्यंत गेलं, तरी तिचा हात हलेना.

धाकट्याने नळ बंद केला. तिने झाकण घट्ट लावलं, बाटली स्वेटरवर ठेवली आणि सॅकचे बंद ओढून स्वतःची गाठ मारली.

आईची सॅकही बाबांनीच भरली होती.