उजाड टेकडीचे पान

मित्रांनो, मी एक जुनी चित्रवही आहे. जुनी खुशाल म्हणा, पण बिचारी म्हणाल तर खबरदार!

न्यूयॉर्कच्या एका कारागिराने मला शिवून कातडी पाठ चढवली आणि मी ऑरिला पेकच्या हाती आले. उन्हाळाभर आम्ही दोघी कॅट्सकिलच्या डोंगरांत भटकायचो. ती खडकावर बसून शिसपेन्सिलीने डोंगर उतरवायची आणि कडेला बारीक अक्षरांत लिहायची, ‘इथे निळसर राखाडी’, ‘ओढा दुपारी तांबूस’. हिवाळ्यात घरी बसून ती माझ्यावरून रंगीत चित्रे करायची. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

एका वर्षी तिच्या काकांनी, बार्नबस पेक यांनी, दिवाणखान्यासाठी समोरच्या टेकडीचे चित्र मागितले. काकांचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. त्याला हेमलॉकच्या झाडांची साल लागे, म्हणून अख्खी टेकडी त्यांनीच भादरली होती. ऑरिलाने जे दिसले तेच काढले. त्रेसष्ट खुंट, एकही कमी नाही.

पान बघून काका लालबुंद झाले.

“अगं, ही टेकडी आहे की हजामत केलेलं डोकं? झाडं दाखव, झाडं!”

“ती तुमच्या कारखान्यातल्या कातडी भिजवायच्या हौदांत गेली, काका. मी कुठून आणू?”

“तोंड वर करून बोलू नकोस! थांब, मीच पुसतो.”

त्यांनी टेबलावरचा पाव उचलला. पावाच्या गोळ्याने शिसपेन्सिल पुसली जाते, एवढे त्यांना ठाऊक होते. आणि पान पुसले गेले तर? चार वर्षांत त्या टेकडीवर झुडपे माजली असती. मग तिचे काय केले होते, हे सांगणारे माझ्याशिवाय कोण होते?

काका घासत राहिले. पावाचा चुरा झाला, कपाळावर घाम आला, पण रेघ काही हलेना.

“ही काय भुताटकी?”

“भुताटकी कसली? साय काढलेल्या दुधाचा हात फिरवलाय पानावर,” ऑरिला म्हणाली. “वाळलं की शिसं सुटत नाही.”

“मग चित्र दुसऱ्याकडून करून घेईन!”

“घ्या की. मी मात्र हीच टेकडी रंगवणार, खुंटांसकट.”

आणि तिने ती रंगवली. काकांनी ते चित्र घरात घेतले नाही, आणि तिनेही त्यांची मनधरणी केली नाही.

आज मी एका संग्रहालयाच्या खणात पडून आहे. परवा कुणीतरी म्हणाले, कडेची अक्षरे पुसून मला जरा देखणी करू या. मित्रांनो, मला ओलीपासून आणि किड्यांपासून जपा, तेवढे पुरे. मला देखणे करायला येऊ नका. त्या टेकडीवर आता पुन्हा दाट झाडी आहे म्हणे. मला आनंदच आहे. पण माझ्या पानावर ती उजाडच राहील.