बिडाचा रेडिएटर काढला तेव्हा

आमचा ओरियानो, म्हणजे माझा नवरा, हट्टी आहे हे इथे फेर्रारा शहरात कुणालाही विचारा, कोपऱ्यावरचा पाववालासुद्धा सांगेल. एरवी मी त्याचा हट्ट चालवून घेते, पण गेल्या वर्षीच्या जुलैत तो अंगाशी आला. उन्हाळ्यात आमच्या सपाट मुलखात हवा अशी साचून राहते की झाडाचं पान हलत नाही. आणि हा खिडक्या लावून, बनियनवर बसून, "एसी नको, मानेला वारा लागतो" म्हणत राहिला. मानेला वारा लागला की माणूस आडवा झालाच, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं, म्हणून मीही गप्प बसले. एका दुपारी तो जेवता जेवता टेबलावरच कलंडला. हृदय थकलेलं, आणि फुप्फुसं तर लोखंड ओतायच्या फाउंड्रीने कधीच खाल्लेली. हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असल्या घरात पुढचा उन्हाळा यांना सोसायचा नाही.

मुलगी मिरेल्ला मिलानहून धावत आली आणि आल्या आल्या हुकूम सोडायला लागली.

"आई, घर थंड करा. नाहीतर जूनमध्ये मी बाबांना आमच्याजवळच्या वृद्धाश्रमात नेते. तिथे नर्स आहे, एसी आहे."

"आणि मी?"

"तुलाही शेजारी खोली मिळेल."

जसं काही मला जत्रेला बोलावत होती. लग्न झाल्यापासून आम्ही वेगळे झोपलो ते फक्त त्याच्या हॉस्पिटलच्या दिवसांत. माझं म्हणणं एवढंच होतं की म्हातारा घरात राहावा, माझ्यासमोर, त्याच्या खुर्चीत. बाकी जगाचं काही का होईना.

मग मी लोरिसला बोलावलं. लोरिस माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, घरं गरम करण्याची कामं करतो. त्याने भिंतीवर टिचक्या मारल्या, खाली वाकून खोली तापवणाऱ्या रेडिएटरचे गरम पाण्याचे पाइप बघितले आणि म्हणाला, "मावशी, एसी नकोच. आपण फॅन कॉइल बसवू. रेडिएटरच्या जागी, याच पाइपांवर. हिवाळ्यात त्यात गरम पाणी फिरणार, उन्हाळ्यात बाहेरच्या पंपाने गार केलेलं, आणि आत एक संथ पंखा. वारा छताकडे जातो, काकांच्या मानेकडे नाही."

"रेडिएटरच्या जागी म्हणजे?" ओरियानोचं त्या दिवसातलं ते पहिलं वाक्य.

"म्हणजे रेडिएटर काढायचा, काका."

"मग मलाही त्याच्याबरोबर भंगारात दे."

आता त्या रेडिएटरचं सांगायला हवं. आमचं लग्न झालं तेव्हा या घरात एक लाकडं जाळायची शेगडी होती, तीही धूर जास्त आणि ऊब कमी देणारी. मी सारखी कुडकुडत असायची. ओरियानो तेव्हा फाउंड्रीत होता, तिथे बिडाचे रेडिएटरच ओतायचे. रेडिएटर एकसारखे उभे भाग जोडून बनतो; ज्या भागावर एखादा खड्डा किंवा चरा राहील तो विकायला जात नसे, कामगारांना नेऊ देत. मिरेल्ला पोटात होती त्या हिवाळ्यात हा दर शनिवारी एकेक भाग गोणपाटात गुंडाळून सायकलवर बांधून आणायचा. वजन इतकं की सायकलवर बसता यायचं नाही, धुक्यातून ढकलत चालत यायचा. मी खिडकीत उभी असायची. आधी साखळीचा आवाज यायचा आणि मग हा दिसायचा, भुवयांवर दव घेऊन. सगळे भाग जोडून झाले, पाणी गरम झालं, त्या संध्याकाळी इमारतीतले सगळे शेजारी येऊन रेडिएटरला हात लावून गेले.

मग आमचं सगळं आयुष्य त्याच्याच भोवती गेलं. मिरेल्लाचे लंगोट त्यावर वाळले, तिचे शाळेचे मोजे वाळले, कणीक त्याच्या शेजारी फुगायची, मांजर त्याच्याखाली म्हातारं झालं. हिवाळ्यात संध्याकाळी मी त्याला पाठ टेकून संत्री सोलायची आणि साली वर ठेवायची. जरा वेळाने असा वास सुटायचा की धुकं, बिलं, सासूबाई, सगळ्यांचा विसर पडावा. आणि ओरियानो कुरकुरायचा, "डाग पडतील त्याच्यावर." मी म्हणायची, "पडू देत." सगळा हिवाळा आमचा हाच संवाद. एखाद्या दिवशी तो कुरकुरला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

म्हणून त्याचं दुःख मला कळत नव्हतं असं नाही. हाताने ओतलेलं, धुक्यातून ढकलत आणलेलं लोखंड ते. पण लोखंडासाठी नवरा घालवणारी बाई मी नव्हे. दोन आठवडे तो ऐकेना, तेव्हा मी त्याच्यासमोर फोन उचलला. म्हटलं, "ठीक आहे. ठेव तुझा रेडिएटर. मिरेल्लाला सांगते, खोली बघ."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रेडिएटरकडे पाहिलं. "कर तुला काय करायचं ते," म्हणाला आणि टोपी घालून पत्ते खेळायला निघून गेला.

ऑक्टोबरात, थंडी सुरू व्हायच्या आधी, लोरिस एका जोडीदाराला घेऊन आला. त्या दिवशी ओरियानो कुठेच गेला नाही. अंगात कोट घालून खुर्चीत बसून राहिला, एखाद्याच्या मयताला बसतात तसा. लोरिसने व्हॉल्व्ह बंद केले, पान्याने आटे सोडवले, तर आतून शाईसारखं काळं पाणी घमेल्यात आलं. दोघांनी कण्हत रेडिएटर उचलला. मागच्या भिंतीवर त्याची काळपट सावली उरली होती. खाली सापडलं ते असं: कपड्यांचा एक चिमटा, मिरेल्लाचा एक लाल मोजा, आणि कडक झालेल्या साली. मोजा मी खिशात टाकला. साली झाडून टाकल्या, त्याआधी एक नाकाशी धरून पाहिली.

"काका, हा कुठे ठेवू? बाल्कनीत?"

"घेऊन जा," ओरियानो म्हणाला. मला वाटलं होतं भांडेल. तो नुसता भिंतीकडे बघत बसला.

मग भिंतीत ब्रॅकेट ठोकले, पाणसळ लावून यंत्र टांगलं, पाइप जोडले. एवढ्यावर झालं असं मला वाटलं, तर लोरिसने ड्रिल काढून बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला घेतलं.

"आता हे काय?"

"मावशी, रेडिएटरला दोन पाइप पुरतात. याला तिसरा लागतो. उन्हाळ्यात गार पाणी फिरलं की याला घाम येतो. तो खालच्या ट्रेमध्ये जमतो आणि या बारक्या नळीने उताराने बाहेर जातो. तुझ्या बेसिलच्या कुंडीत सोडतो, तुझं पाणी घालणं वाचेल."

जाता जाता त्याने वरच्या जाळीवर बोट ठेवलं. "आणि मावशी, इथे काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मोजे नाही, फडकी नाही, संत्र्याच्या साली तर मुळीच नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हटलं.

यंत्र मात्र गुणाचं निघालं. बटण दाबलं की पाच मिनिटांत खोली उबदार. पण पाठ टेकायला काही नाही. पांढरी पत्र्याची पेटी, तिला कोण टेकणार? संध्याकाळी मी संत्री सोलायची आणि साली सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची. ओरियानो काही बोलायचा नाही, मीही नाही. मला वाटे, लोखंडाचं सुतक पाळतोय, पाळू दे. गंमत म्हणजे कधी कधी दुपारची झोप काढून उठले की स्वयंपाकघरात तोच जुना वास आल्यासारखं व्हायचं. मनाशी म्हटलं, म्हातारपणी नाकालाही आठवणी येतात. कुणाला सांगितलं नाही, वेडी म्हणतील.

जूनचा दुसरा आठवडा उजाडला आणि ऊन एकदम पेटलं. मी यंत्र गारव्यावर केलं. दोन तास छान गेले. ओरियानो मानेला रुमाल बांधून का होईना, पण बसला. मग माझ्या चपला ओल्या लागल्या. यंत्राखालून पाणी गळत होतं, टेबलापर्यंत ओघळ. बाल्कनीत जाऊन बघितलं तर बेसिलची कुंडी कोरडी ठाक.

फोनवर लोरिस म्हणाला, "बंद कर लगेच, वायरीत पाणी जाईल. मी बाहेरगावी कामावर आहे, शनिवारी सकाळी येतो." त्या बंद यंत्रासमोर आम्ही ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ओरियानोचे ओठ निळसर दिसायला लागले. तो बोलायचा थांबला, जेवायचाही. ओली फडकी मी त्याच्या कपाळावर ठेवत होते आणि खिडकीवर, यंत्रावर, लोरिसवर चिडत होते. मिरेल्लाने फोनवर त्याचा श्वास ऐकला आणि म्हणाली, "शनिवारी दुपारी मी येते. बाबांची बॅग भर." मी भरली. दोन पायजमे, दाढीचं सामान, चष्मा. बॅग दाराशी ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

शनिवारी लोरिस आला. समोरचा पत्रा काढला, विजेरी मारली आणि कपाळाला हात लावला. "मावशी. मी काय सांगितलं होतं?"

ट्रेच्या नळीच्या तोंडाशी काळपट लगदा बसला होता. त्याने बोटाने उकरून काढला. संत्र्याच्या साली होत्या, बारीक बारीक तुकडे केलेल्या.

"मी नाही ठेवल्या," मी म्हटलं. "देवाशपथ सांगते, एकही नाही."

"मग काय चालत आल्या?"

मागून खुर्ची करकरली. "मी टाकल्या," ओरियानो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "ती दुपारी झोपली की. वर ठेवल्या तर तिने बघून काढून टाकल्या असत्या. म्हणून तुकडे करून फटीतून आत सोडायचो. गरम हवा लागली की वास यायचा."

"अरे पण का?" माझा आवाज चढला. "तुझ्या लोखंडाचा सूड?"

"कसला सूड," तो म्हणाला. "लोखंड काय, ते मी जन्मभर बघितलं. त्याने माझी छाती खाल्ली. मी ते ओढत आणलं तू कुडकुडायचीस म्हणून. आणि काढू नका म्हणत होतो ते तू तिथे बसायचीस म्हणून. तू रोज साली डब्यात टाकायचीस आणि त्या भिंतीकडे बघायचीस. मला डोळे नाहीत?"

लोरिस नळीत फुंकर मारायला मुद्दाम बाल्कनीत गेला, शहाणा पोरगा. सगळा हिवाळा मी याच्यासाठी गप्प होते आणि हा माझ्यासाठी. दोघं म्हातारे, एका टेबलाशी बसून. मी त्याच्या मानेचा रुमाल सरळ केला.

मिरेल्ला आली तेव्हा यंत्र चालू होतं आणि कुंडीत थेंब थेंब पडत होता. ती दारातच थांबली. "गार आहे की," म्हणाली. ओरियानो कापेल्लाच्ची, म्हणजे भोपळा भरलेला पास्ता, खात होता, सावकाश, पण खात होता. तिने दाराजवळची बॅग बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. ओठांचा निळेपणा उतरलेला तिला दिसलाच असणार. ती खाली बसली आणि मी तिलाही वाढलं. बॅग मी संध्याकाळी रिकामी केली.

आता पुन्हा डिसेंबर आहे. लोरिसने यंत्राच्या वर, हातभर उंचीवर, भिंतीला एक जाळीची फळी ठोकून दिली आहे. साली मी तिथे ठेवते. पंखा फिरला की वास जिन्यापर्यंत जातो. ओरियानो खुर्चीतून वर बघतो.

"भिंतीला डाग पडतील," म्हणतो.

"पडू देत," मी म्हणते.