डालग्याखालचं मांजर

भर दुपारी खण्णकन झाकण वाजलं.

माझा तान्हा सार्थक नुकताच झोळीत निजला होता. आत्याबाई, माझ्या सासूबाई, पडवीत लवंडल्या होत्या, आणि ऊसतोडीची टोळी भाकरी खायला पाटाकडं गेल्यामुळं रानातूनही काही ऐकू येत नव्हतं. म्हणून ते पातेल्यावरचं झाकण एवढं मोठं वाजलं. मी स्वयंपाकघरात गेले तर समृद्धी, माझी दुसरीतली पोर, वाटीत दूध ओतत होती. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, मनगटावर ओरखडा.

"कुणाला गं?"

"मांजराला. उसातल्या. डालग्याखाली ठिवलंय."

मागच्या दारी कोंबड्या झाकायचं डालगं पालथं होतं, त्यावर वीट. मी वीट काढून डालगं जरा उचललं. आतलं फिस्कारलं. मांजराएवढंच होतं, पण पंजे केवढे थोराड, आणि अंगभर काळे ठिपके. मी डालगं खाली दाबलं आणि तशीच धरून बसले. पिल्लाची भीती नव्हती. पिल्लाला आई असते, तिची होती.

त्या वर्षी आमच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं संध्याकाळी लेकरू अंगणात कुणी ठेवत नव्हतं. आळे गावच्या माझ्या बहिणीनं तर पडवीला लोखंडी जाळी बसवून घेतली होती.

आत्याबाईंनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "वाघराचं हाय गं साधना."

"कशाला आणलंस?" मी समृद्धीचा दंड धरला.

"बाबा आज पाचट पेटवणार ना? शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, आग लावली की बारके जीव आत जळत्यात. गांडुळं, सरडे, पाखरांची अंडी. म्हणल्या, दिसंल त्याला आधी बाजूला ठेवा." "ते एकटंच रडत व्हतं."

ऊस तुटला की रानात वाळल्या पाल्याचं पाचट पसरून राहतं. संध्याकाळी वारा पडला की ते पेटवायचं, म्हणजे बुडख्यातून खोडवा लवकर फुटतो. सगळेच पेटवतात. आदल्या दिवशी जेवताना तिनं बाईंचा धडा बापाला ऐकवला होता. "जमिनीचं पांघरूण असतं बाबा ते." तेव्हा हे हसले होते. "तुझ्या बाईंला म्हणावं, या आमच्या रानात, आन घाला घड्या पांघरुणाच्या." पोर गप्प बसली होती. गप्प बसून तिनं हे ठरवलं होतं तर.

"व्हतं तिथं ठिवून ये," आत्याबाई म्हणाल्या. "दिवस हाय तवर. न्हाईतर वास काढत ती हितं यील." त्यांची नजर झोळीकडं गेली. "आन टोळीला सांगू नको. कोयते घेऊन धावतील, गलका व्हईल, ती बिथरंल."

हे ट्रॅक्टर घेऊन पारगावच्या कारखान्यावर गेलेले. आणि होतं तिथं म्हणजे कुठं, ते फक्त समृद्धीला माहीत. "बांधाच्या आत, ढिगाजवळ," म्हणाली. सगळं रान ढिगांचंच होतं. तिला न्यावंच लागणार होतं.

पिल्लू पाटीत ठेवलं, वर आत्याबाईंचं जुनं लुगडं टाकलं. पाटी कमरेवर घेतली आणि पदराचं टोक समृद्धीच्या मनगटाला बांधलं.

रान मोकळं झालेलं. फक्त ओढ्याकडच्या कोपऱ्यातला लोळलेला ऊस उद्याच्या तोडीला राहिला होता. कडेकडेनं तोड होत गेली की उसातलं सगळं जित्राब शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, हे मला लग्न होऊन आल्या वर्षीच कळलं होतं. पायाखाली पाचट असं वाजत होतं, की वाटावं मागून कुणी चालतंय. मी दोनदा वळून पाहिलं.

"हितं," समृद्धी म्हणाली. त्या कोपऱ्यापासून हाकेच्याही आत.

मी पाटी टेकवली, लुगडं ओढलं. पिल्लू बाहेर पडलं आणि ओरडलं. उसाचे शेंडे हलले. वारा नव्हता.

"पळू नको," मी म्हणाले, समृद्धीला की स्वतःला कोण जाणे. पाटी तिथंच टाकली. पोरीला पुढं घेतलं आणि उसाकडं पाठ करून चालत राहिले. घराच्या ओट्याला पाय लागेपर्यंत माझी पाठ माझी नव्हती.

दिवस कलताना हे आले. मी सांगितलं. यांनी ओरखडा धुऊन पाहिला, म्हणाले, "उद्या सकाळी मंचरला, इंजेक्शनला." मग खिशातली काडेपेटी काढून कोनाड्यात ठेवली. पाचट तसंच राहिलं.

दारं लावून आम्ही आत बसलो. सार्थकला मी मांडीवरून खाली ठेवला नाही. खिडकीच्या फटीत अजून उजेड होता, तेवढ्यात मागच्या दारी काहीतरी सरकलं.

डालगं. ते उचलायचं राहिलं होतं, पिल्लाच्या वासासकट.

ते पुन्हा सरकलं, दारावर आपटलं. दाराच्या फळीला एक लांब श्वास लागला, खालपासून वरपर्यंत. यांनी कुऱ्हाडीला हात घातला, आत्याबाईंनी तो दाबून धरला. सार्थक चुळबुळला, मी त्याला छातीशी लावला. बाहेर ती, आत मी, मध्ये एक फळी. दोघी आपापलं लेकरू हुंगत होतो.

मग रानातून, लांबून, पिल्लाचं ते बारीक ओरडणं आलं. दारापाशी एकदम काही उरलं नाही.

किती तरी वेळानं रानातलं ओरडणंही थांबलं. "भेटली," आत्याबाई पुटपुटल्या. समृद्धी माझ्या कुशीत आली.

"आई, उद्या कोपऱ्यातला ऊस तुटणार?"

"हो."

"मग ती कुठं जाईल?"

"डोंगरात. तिच्या घरी."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

"पण ते पिल्लू तर उसातच झालंय," ती म्हणाली. "त्याचं घर कुठलं गं?"