ठणठणीतची साक्ष

त्याचं खरं नाव चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांना आठवलं नसतं. सगळे त्याला ठणठणीत म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. नाव त्याने स्वतःच कमावलेलं होतं. दरवर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी पाळकसाहेब विचारायचे, "देवाने आपल्यासाठी काय केलं, याची कोणाला साक्ष द्यायची आहे?" आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत हा उभा. त्याच्या साक्षीचा शेवट ठरलेला असे: "आणि आज मी तुमच्यापुढे ठणठणीत उभा आहे!" मागच्या बाकांवरची पोरं हे वाक्य त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायची.

साक्ष सगळ्यांना तोंडपाठ होती. तो आणि त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दोघेही प्लंबर. दाजींनीच त्याच्या हातात पहिल्यांदा पाना दिला, मिसरूड फुटायच्या आधी. एका इमारतीच्या तळघरात घाण पाणी तुंबलं होतं, ते काढायला दोघे उतरले. गुडघाभर पाण्यात उभं राहून काम केलं आणि दोघांनीही अंथरूण धरलं. ताप छातीत उतरला. इस्पितळ एकच, हा वरच्या मजल्यावर, दाजी त्याच्या खालच्या. डॉक्टरांनी हात टेकले. मंडळीने गुडघे टेकले. (ही जागा त्याची आवडती होती, इथे तो जरा थांबायचा.) मग ताप उतरला. "व्हीलचेअर नको म्हटलं, स्वतःच्या पायांनी लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट खाली येत होती ना, तेव्हा वाटलं, देव मला तळहातावर घेऊन अलगद खाली ठेवतोय!" त्यानंतर देवाने काय काय दिलं त्याची वरात निघायची. नळ आणि बेसिनचं दुकान, दुकानाची गाडी, मोठं घर, पोरीची नोकरी. दाजींच्या वाट्याला एक वाक्य यायचं. "दाजींना प्रभूने आपल्याकडे बोलावून घेतलं, त्याची योजना तोच जाणे." ते वाक्य तो भरभर म्हणायचा, कारण पुढे दुकान यायचं असायचं.

सांगणाऱ्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. ऐकणाऱ्यांनाही नाही. चांगली साक्ष कोणाला नको असते?

फक्त ताई यायची बंद झाली होती. गेल्या वर्षीच्या उपकारस्तुतीनंतर ती उपासनेला फिरकलीच नव्हती. नवऱ्याबरोबर हिचा विश्वासही गेला, असं लोक बोलू लागले, आणि बोलताना हळहळायलाही विसरले नाहीत. शेवटी पाळकसाहेबांनी ठणठणीतला बाजूला घेतलं. "तुमची बहीण आहे. तुमचं ऐकेल. परवा उपकारस्तुती. तिला परत आणा."

"सोडा माझ्यावर," तो म्हणाला. ताईला परत आणायचं हे त्याने मनावर घेतलं, ते काही नुसतं पाळकसाहेबांसाठी नव्हे. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. ती तिथे नसली की साक्ष सांगायला पूर्वीची मजा येणार नाही, असं त्याला उगाच वाटत होतं. ताईच्या स्वयंपाकघरातलं सिंक गळत होतंच. शनिवारी हत्यारांची पिशवी उचलून तो तिच्याकडे गेला. एका दगडात दोन पक्षी.

ताई कपड्यांची दुरुस्ती करायची. चेन बदलून दे, घेर कमी कर, बाही लांब कर. बाहेरच्या खोलीत मशीन, आणि मशीनच्या दोन्ही अंगांना लोकांच्या पँटींचे ढीग. त्यातलीच एक पँट हातात घेऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि बिघडलेली चेन उसवू लागली. हा सिंकखालच्या कपाटात उताणा शिरला, खांद्यांपर्यंत आत, पाय बाहेर. विजेरी एका डब्यावर ठेवली. दाजींनी घातलेला जुना सांधा खडखडीत कोरडा होता. गळत होता तो याने मागे स्वतः बसवलेला नवा पाइप. हे त्याने ताईला सांगितलं नाही.

"ताई, एक बोलू का?"

"बोल की. हातच अडकलेत तुझे, तोंड मोकळंच आहे."

"तू उपासनेला येत नाहीस. बरं दिसत नाही."

वरून उत्तर आलं नाही. त्याने ते संमती म्हणून धरलं. "अगं, दुःख कोणाला चुकलंय? पण आभार मानायला शिकलं पाहिजे. बघ ना, देवाने तुला किती दिलंय. डोक्यावर छप्पर आहे. हाताला काम आहे. या वयात सुईत दोरा ओवतेस, डोळे शाबूत आहेत..."

"दातही आहेत," ताई म्हणाली. "दोन सोडून."

"चेष्टा नको करू. देवाला असं सोडून चालत नाही."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. हा पाषाण कोरडाही नव्हता. पाइपाचं पाणी त्याच्या कानात चाललं होतं, तरी उपदेश थांबत नव्हता.

"देवाला कोणी सोडलंय?" ताई म्हणाली. "मी तुझी साक्ष सोडलीय."

पाना फिरायचा थांबला.

"प्रार्थना दोघांसाठी झाली होती," ती म्हणाली. "एकाच दमात दोघांची नावं घेतली होती लोकांनी. मग तुझ्यापुरती ऐकली आणि ह्यांच्यापुरती नाही? तू काय त्याचा लाडका आणि हे सावत्र? दरवर्षी तू का वाचलास ते तिथे बसून ऐकायचं, आणि हे का गेले ते घरी येऊन आपल्या आपण समजून घ्यायचं. किती वर्षं ऐकलं मी, बघ. एकदा तरी मध्ये बोलले का?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. त्याची योजना तोच जाणे. पण ते वाक्य त्या कपाटात, फडक्यांच्या आणि साबणाच्या वासात, काही केल्या तोंडाबाहेर पडेना.

"ते एक वेळ सोसलं असतं," ताई म्हणाली. "ती लिफ्ट नाही सोसवत."

"कुठली लिफ्ट?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं की कुठली ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

"ती लिफ्ट थेट खाली गेली नव्हती. आमच्या मजल्यावर थांबली होती. दार उघडलं तेव्हा मी समोर उभी होते, गरम पाण्याचा थर्मास घेऊन."

खालच्या मजल्यावर लिफ्ट थांबली होती, हे खरं. दार उघडलं होतं. समोर लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, आणि व्हरांड्याच्या टोकाला ज्या दारामागे दाजी होते ते दार. पंधरा-वीस पावलांवर. बायको गाडी बघायला आधीच खाली गेली होती. तो एकटाच होता. आपल्याला अजून अशक्तपणा आहे, उगाच पुन्हा संसर्ग नको, उद्या येऊ, असं सगळं त्याच्या मनात आलं होतं, आणि ते मनात येण्याआधी बोट बटणाकडे गेलं होतं. थर्मास त्याला दिसला होता. निळा होता. त्या थर्मासच्या वर त्याने नजर नेली नव्हती.

"ताई, मला वाटलं..."

"तू बटण दाबलंस. दार मिटेपर्यंत दाबून धरलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. कोणत्या पँटला कोणती चेन लागेल ते सांगावं, तशी ती सांगत होती. "मी आत गेले. ह्यांना म्हटलं, तुमचा मेहुणा घरी निघाला, स्वतःच्या पायांनी. ह्यांना बोलायला दम पुरत नव्हता. तरी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि हात जोडले. म्हणाले, 'प्रभू, तुझे उपकार. पोरगं वाचलं.' एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या खाटेवरचे आजोबा मला विचारायला लागले, यांना घरी सोडणार का आज?"

नंतरचा आठवडा ताईने सांगितला नाही. तो त्याला स्वतःलाच आठवला. त्या आठवड्यात त्याच्या घरी आभाराची बैठक झाली होती. केक होता, गाणी होती, शेजारीपाजारी होते. इस्पितळात मात्र तो गेला नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता निरोपच आला. मग दफनाच्या वेळी शवपेटीला सगळ्यांत पुढे खांदा दिला होता त्याने. लोक म्हणाले होते, मेहुणा असावा तर असा.

त्याला लाज वाटली. चार माणसांत चूक निघाली की वाटते, तशी नव्हे. ती थोड्या वेळाने उतरते. ही छातीवर बसली. कपाटाचं दार आतून ओढून घेता आलं असतं तर त्याने घेतलं असतं. आपले दोन पाय बाहेर ताईसमोर पसरलेले आहेत, याचीसुद्धा त्याला लाज वाटली आणि त्याने ते हळूच जवळ ओढले.

"मग तू," तो आतूनच म्हणाला, "तू आभार मानतेस की नाही आता?"

"रोज मानते."

"कशाचे?"

उसवलेला दोरा ताईने बोटाला गुंडाळला. "मी मागितलं ते त्याने दिलं नाही. जास्तीचा एक श्वास दिला नाही. पण तो तिथे होता रे. कसं ते मला सांगता यायचं नाही, मला कुठे साक्ष द्यायला येते? पण होता. ह्यांच्या उशाशी, शेवटपर्यंत. रात्री माझा डोळा लागायचा तेव्हाही होता. तो काही लिफ्टमध्ये शिरून खाली गेला नाही. त्याचे मानते."

त्याने पाइप घट्ट केला. बाहेर आला तेव्हा तोंड ओलं होतं, आणि ते कशाने ओलं आहे हे ताईने विचारलं नाही. नुसता टॉवेल दिला.

"उद्या येते मी," ती म्हणाली. "काल फोनवर तुझ्या बायकोला कबूल केलंय. पण आधीच सांगून ठेवते, तू साक्षीला उभा राहिलास की मी उठणार. दाराजवळ बसेन, म्हणजे कोणाला त्रास नको. आणि एकदा उठले की पुन्हा यायची नाही."

घरी जाऊन त्याने ठरवलं, उद्या उभंच राहायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताई बसून राहील, पाळकसाहेब खूश होतील, आणि लिफ्टचं तिच्या-माझ्यात राहील. असा हिशेब करतानाही त्याला आपली किळस आली, पण बेत त्याने बदलला नाही.

बेत मोडला तो पाळकसाहेबांनी. दाराजवळ ताई बसलेली पाहून त्यांना उमाळा आला. त्यांनी यंदा कोणाला विचारलंच नाही. "सुरुवात आपल्या नेहमीच्या बंधूंनी करावी," ते हसून म्हणाले, आणि सगळी डोकी ठणठणीतकडे वळली. मागची पोरं सावरून बसली. त्याचे पाय सवयीने उभे राहिले.

त्याने दाराकडे पाहिलं. ताईने पिशवी उचलली होती. कोणाला त्रास नको म्हणून ती आवाज न करता उठत होती.

"लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबली होती," तो म्हणाला.

सुरुवात चुकली असं लोकांना वाटलं. कोणीतरी हसलंही.

"मी दरवर्षी सांगतो ती लिफ्ट. दार उघडलं होतं. दाजी तिथेच होते, पलीकडच्या दाराआड. ताई समोर उभी होती. मी बटण दाबून दार बंद केलं." इथे त्याचा आवाज आपोआप चढू लागला, दरवर्षी चढायचा तसा. हेही आपण रंगवून सांगायला लागलो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आवाज खाली आणला. "दाजींना कळलं की मी बरा झालो. त्यांनी माझ्यासाठी देवाचे आभार मानले. त्यांना श्वास घेता येत नव्हता, तेव्हा. मी घरी केक कापत होतो. मला भेटायला जाववलं नाही. मी भ्यालो होतो. ते जातील आणि आपण वाचू, आणि त्यांच्याकडे बघावं लागेल, म्हणून."

पहिल्या बाकावरची त्याची बायको त्याच्याकडे, ओळखीचं माणूस परक्यासारखं दिसावं तसं बघत होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

"मी सांगायचो, देवाने मला तळहातावर धरून खाली आणलं. मला नाही वाटत. मी खाली आलो तो एकटाच आलो असेन. देव त्या मजल्यावर उतरला असणार." त्याने घसा खाकरला. "दुकानाबद्दल काही सांगत नाही आज. लाज वाटते."

एवढं बोलून तो उभाच राहिला. शेवटचं वाक्य म्हटल्याशिवाय बसायची त्याला सवय नव्हती आणि ते वाक्य तर म्हणता येत नव्हतं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

दाराकडून चपलांचा आवाज आला. त्याने तिकडे बघितलं नाही. तेवढी छाती नव्हती. आवाज बाहेर न जाता मधल्या वाटेने पुढे येत राहिला आणि त्याच्या बाकाशी थांबला.

"बस खाली," ताई हळू आवाजात म्हणाली. "आणि सरक जरा."

तो बसला, सरकला. ती शेजारी टेकली, पिशवी मांडीवर घेतली. पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू या. सगळ्यांबरोबर त्यानेही मान खाली घातली, डोळे मिटले आणि देवापुढे दाजींचं नाव घेतलं. ते गेल्यापासून हे आपण पहिल्यांदाच करतोय, हे नाव घेऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.