धक्क्याच्या टोकाची खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे, पण मला चार पाय नाहीत. डेन्मार्कमधल्या एका लहान बंदरात, लाकडी धक्क्याच्या अगदी टोकाला, लोखंडी नळ्यांची एक चौकट उभी आहे. त्या चौकटीत एका जाड पिनेवर मी टांगलेली आहे. बाजूचं हँडल फिरवलं की माझा दांडा पुढे झुकतो आणि मी बसलेल्या माणसाला घेऊन हळूहळू समुद्रात उतरते. ज्यांना शिडी उतरता येत नाही त्यांच्यासाठी मला केलं. आता मी जुनी झाले आहे. सांगायला वेळ भरपूर आहे, ऐकायला मात्र बहुधा कोणी नसतं.

माझा पहिला जन्म लोखंडात झाला नाही, संगणकाच्या पडद्यावर झाला. बंदरामागे येप्पे नावाच्या माणसाचा कारखाना होता. तिथे सोल्वाय नावाची बाई संगणकावर यंत्रांचे आराखडे करायची. पूर्वी त्या खोलीत बरीच माणसं बसत. काम घटलं तशी एकेक खुर्ची रिकामी झाली आणि शेवटी सोल्वाय एकटी उरली. दिवसभर तिथे माउसची टकटक तेवढी ऐकू यायची.

तिचे वडील थोर्किल. आयुष्यभर त्यांनी मालवाहू बोट चालवली होती. बायको होती तोवर दोघं उन्हाळा-हिवाळा रोज सकाळी धक्क्यावरून समुद्रात उतरायची. मग बायको गेली आणि पुढच्याच वर्षी थोर्किलना पक्षाघात झाला. पायांतलं बळ गेलं, आणि स्पर्शही गेला. ते दिवसभर खिडकीशी बसून राहत. सोल्वाय संध्याकाळी जाऊन राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेला हेरिंग मासा मांडायची. दोघं जेवायची, पण बोलणं फारसं होत नसे. एकदा तिने विचारलं, काही हवंय का. ते म्हणाले, पाणी. तिने पेला भरून आणला. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.

म्हणून मी झाले. सोल्वायने मागितल्यावर बंदर समितीने जागा दिली, काम येप्पेच्या कारखान्याकडे आलं आणि सोल्वाय आराखड्याला बसली. तिने चौकटीच्या नळ्या जोडल्या, मधे माझा दांडा बसवला, दांड्याला मला लावलं. सगळा आकार छान दिसत होता, पण मी हलत नव्हते. तो संगणक वेल्डिंगने जोडलेल्या सगळ्या वस्तूला एकच अखंड लोखंड समजे, आणि घाईत तिने मलाही त्याच गटात टाकलं होतं. ती माउसने मला ओढायची तेव्हा अख्खी चौकट माझ्यासोबत सरकायची. ती पुन्हा जागेवर ठेवायची, पुन्हा ओढायची.

वेल्डिंग करणारा एगोन चहाच्या सुट्टीत डोकावला. तो जाडजूड, थट्टेखोर माणूस होता.

"तुझी खुर्ची काय चर्चमधला पुतळा आहे का गं? जागची हलत नाही."

येप्पेला काळजी वेगळीच होती. काम लांबत होतं. त्याचं म्हणणं असं की खुर्ची वर असताना एक चित्र काढ, खाली असताना दुसरं काढ, एगोनला तेवढं पुरे. वेल्डिंगचं मॉडेल हलवत बसायची काय गरज?

सोल्वाय पुन्हा पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "वर असताना ठीक आहे, खाली असतानाही ठीक आहे. मधे काय होतं ते मला बघायचंय."

"मधे काय व्हायचंय? खाली जाते."

"तेच बघायचंय."

येप्पे खांदे उडवून गेला आणि जाता जाता एगोनला चौकट जोडायला सांगून गेला.

सोल्वायने सगळं पुन्हा मांडलं. चौकटीचा वेगळा गट केला आणि माझा वेगळा. चौकटीच्या नळ्या आपापसांत पक्क्या राहिल्या, मी माझ्या दांड्याशी पक्की राहिले, आणि त्या दोघांमधे फक्त पिनेचं नातं ठेवलं. मग धक्क्याच्या मोठ्या आराखड्यात हे सगळं ठेवताना तिने संगणकाला बजावलं की हा गट आतून हलू दे, गोठवू नकोस. तिने माउसने मला धरलं. मी हलले.

मित्रांनो, त्या क्षणी मला एक गोष्ट कळली. माझ्या भोवतीची प्रत्येक नळी दुसरीशी वितळून एक झालेली होती. हलणारी मी एकटी होते. पुढे लोखंडात जन्मल्यावरही ते तसंच राहिलं.

ती मला इंच इंच खाली नेत होती. अर्ध्या वाटेवर माझी पाय टेकायची पट्टी चौकटीच्या तिरक्या आधारावर आदळली आणि पडद्यावर दोन्ही जागा लाल झाल्या. सोल्वायचा हात माउसवर तसाच राहिला. त्या पट्टीवर तिच्या वडिलांची पावलं असणार होती. दुसऱ्या कोणाची बोटं चेंगरली असती तर तो ओरडला असता, आणि हँडल फिरवणारा थांबला असता. थोर्किलना काही कळलंच नसतं. ते पाण्याकडे बघत बसले असते.

ती धावत खाली कारखान्यात गेली. एगोनने तो आधार नुकताच जोडून टाकला होता. तिने सांगितलं तेव्हा तो आधी कुरकुरला, चांगला झालेला सांधा कापायचा म्हणजे काय. मग तिने ती पावलं कोणाची ते सांगितलं. एगोनने चेहऱ्यावर वेल्डिंगची ढाल ओढली आणि आधार कापून काढला. नवा आधार मागच्या बाजूला लागला.

शरद ऋतूत मला धक्क्यावर बसवलं. बंदरातली माणसं बघायला जमली. सोल्वाय वडिलांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. थोर्किलनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी जन्मभर माल उतरवला," ते म्हणाले. "आता मला माल म्हणून उतरायचं नाही. घरी ने."

सोल्वायने हातातली पर्स एगोनकडे दिली. कोट, बूट, सगळं अंगावर असताना ती माझ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "एगोन, फिरव."

एगोनने हँडल फिरवलं. मी खाली गेले. बर्फगार पाणी तिच्या गुडघ्यांवर आलं, मग कमरेवर, मग छातीवर. तिचे दात वाजत होते. ती वर बघत राहिली. धक्क्यावर थोर्किलचं तोंड कितीतरी वेळ हललंच नाही. मग ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तो आवाज खोकल्यासारखा आला.

"अगं वेडे, बूट तरी काढायचेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगावर जाड झगा घालून आले. मी त्यांना पाण्यात नेलं. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पायांना काही कळत नव्हतं, पण छातीला कळत होतं. त्यांनी बायकोचं नाव घेतलं. ते फक्त मी ऐकलं.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. एगोन कामावर जायच्या आधी येऊन हँडल फिरवायचा आणि म्हणायचा, "कप्तान, नांगर टाकू?" थोर्किल म्हणायचे, "टाक." सोल्वाय थर्मासमधून कॉफी ओतून द्यायची. आता बापलेक बोलायची. पाण्याबद्दल, वाऱ्याबद्दल, कधी कधी आईबद्दल. शेजारच्या गावांतूनही माणसं येऊ लागली. गुडघे गेलेल्या आजीबाई आल्या, एक पाय गमावलेला मच्छीमार आला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मी प्रत्येकाला खाली नेलं, वर आणलं. कुणाच्या बोटालाही कधी इजा झाली नाही.

एका फेब्रुवारीत खाडी गोठली आणि त्याच आठवड्यात थोर्किल गेले. बंदरातला झेंडा अर्ध्यावर आला. तिथल्या रीतीप्रमाणे दफन झाल्यावर तो पुन्हा वर चढला. वर चढलेला झेंडा बघून मला जास्त वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी येप्पेने कारखाना विकला आणि सोल्वाय दूरच्या शहरात नोकरीला गेली. निघायच्या दिवशी ती धक्क्यावर आली, माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मग गेली. गावाच्या पलीकडे गरम पाण्याचा तलाव झाला. आजीबाई तिकडे जाऊ लागल्या. मच्छीमार दिसेनासा झाला. मुलं उन्हाळ्यात खेकडे पकडायला येत आणि दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हाताला बांधत. तेवढाच काय तो स्पर्श. सप्टेंबरात तीही शाळेत जात.

पिनेतलं ग्रीस वाळलं. खारं पाणी आत शिरलं. जिथे लोखंडावरचा मुलामा उडाला होता तिथे गंज बसला. एका हिवाळ्यात मला कळलं की आता मला हलताच येत नाही. वारा आला तरी मी कुरकुरत नसे. समितीच्या बैठकीत मला कापून भंगारात टाकायचं ठरलं, असं दोन माणसं माझ्यासमोरच बोलून गेली.

ते ऐकून एगोन आला. तो निवृत्त झाला होता, पूर्वीचं जाडजूड अंग वाळलं होतं. त्याने पिनेभोवती तेल सोडलं आणि हातोडा मारला. काही झालं नाही. तो रोज येऊ लागला. तेल सोडायचा, ठोकायचा, धाप लागली की माझ्यातच बसायचा. घरी त्याचंही कोणी नव्हतं, हे त्याने मला सांगितलं नाही. तो डबा इथे आणून खायचा, त्यावरून मला कळलं.

एका सकाळी पिनेने आवाज केला आणि ती फिरली. एगोनने नवं ग्रीस भरलं, आणि मी हलते हे बघून समितीनेही भंगाराचा विषय सोडला. मग त्याने मला रिकामीच खाली सोडलं. माझ्यावरून पाणी गेलं. थोर्किलना जितका वेळ पाण्यात ठेवायचा तितका वेळ तो हँडलशी उभा राहिला, आणि मग मला वर घेतलं. त्यानंतर दर सकाळी तो असंच करतो. कोणी बसलेलं नसतं. तो फिरवतो, मी उतरते, मी चढते.

गेल्या आठवड्यात काठीच्या आधाराने चालणारी एक बाई धक्क्यावर आली. गावात नवीन दिसत होती. तिने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं आणि एगोनला विचारलं, "ही वापरता येते का?"

"वापरली तर येते," एगोन म्हणाला.

पाण्याचा गारठा जरा कमी होऊ दे, मग येईन, असं सांगून ती गेली. अजून आली नाही. एगोन मात्र सकाळी येतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या वाटेवर एखादं जुनं हँडल, गंजलेलं फाटक, बंद पडलेला पाळणा असेल तर त्याला तेलाचा एक थेंब द्या आणि एकदा हलवून बघा. आणि तिथेच शेजारी एखादा म्हातारा एकटा डबा खात बसलेला दिसला, तर घटकाभर त्याच्याजवळही बसा.